दातांत धरलेली शिट्टी

मी पितळेची एक साधी शिट्टी. पोटात बुचाचा मणी, वर चकचकीत मुलामा, पण तोंडाशी तो कधीच झिजून गेलाय. तंजावूरहून ओरत्तनाडुकडे जाताना एक लष्करी अकादमी लागते. तिथल्या भांडारातून अकरा वर्षांपूर्वी मी रघोजी उस्तादांच्या गळ्यात आले. लष्करात शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात. कॅडेटांना पळवायचं, दोरावर चढवायचं, हे त्यांचं काम. सुरू करा आणि थांबा, एवढं सांगणं माझं.

सुरू करा सांगायला कुणालाच जड जात नाही. थांबा म्हणायला मात्र माणसं फार वेळ घेतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. त्या दिवसांतल्या उन्हाला इकडे कत्तिरी म्हणतात. सकाळी आठलाच डांबर मऊ होतं. कोरड्या कालव्याच्या काठानं दहा किलोमीटरची दौड चालली होती. शेवटच्या रांगेत कॅडेट जननी होती. राजवाड्याजवळच्या गल्लीतली, मराठी घरातली मुलगी. उस्तादही ओरत्तनाडुचे मराठीच. पण अकादमीत दोघं एकमेकांशी हिंदी-इंग्रजीतच बोलत, नेमून दिल्यासारखी.

सातव्या किलोमीटरला ती रांग सोडून त्यांच्याजवळ आली आणि घरच्या भाषेत म्हणाली, "अप्पा, शाळा सुटली. घरी जाऊया."

मी उस्तादांच्या दातांत होते. त्यांचा श्वास माझ्या मण्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यांना वाटलं, भाषेचा धागा धरून पोरगी सवलत मागतेय. बाकीचे लांबून बघत होते, पण तिचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

"पळ," ते म्हणाले.

चारशे पावलांवर ती कोसळली. तिला गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. मूत्रपिंडांवर परिणाम झाला. बावीस दिवसांनी ती घरी गेली. जीव वाचला, वर्ष गेलं. चौकशीत विचारलं, "पडण्यापूर्वी ती काही बोलली होती?"

"नाही, सर. घाम येत होता, म्हणून मला ठीक वाटली."

पहिलं वाक्य खोटं आहे, हे उस्तादांखेरीज फक्त मला ठाऊक होतं. तेव्हापासून त्यांची बोटं सारखी माझ्या दोरीशी चाळा करू लागली. दौडीनंतर ते डोकी दोनदा मोजत, मग तिसऱ्यांदाही.

यंदा मार्चमध्ये अकादमीनं शिकवणाऱ्यांनाच शिकवायचं ठरवलं. दहा दिवसांचा वर्ग. वीस-वीस वर्षं नोकरी झालेले उस्ताद बाकांवर दाटीवाटीनं बसले. शिकवायला मेजर सुप्रभा, लष्करी डॉक्टर.

"पळताना उष्माघात होतो तेव्हा घाम असूही शकतो," त्या म्हणाल्या. "घामावर विसंबू नका, बोलणं ऐका. माणूस भलतंच बोलायला लागला की थांबवा. आणि आधी तिथंच बर्फाच्या पाण्यात थंड करा. गाडी नंतर."

उस्तादांनी 'बोलणं ऐका' एवढंच वहीत उतरवलं.

मग मेजरांनी शेवटचं काम दिलं: प्रत्येकानं स्वतःच्या एका चुकीवर पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायचा. उस्तादांनी दोराच्या सैल गाठीबद्दल दोन पानं लिहिली आणि फाडली. रविवारी ते जननीच्या घरी गेले. सवयीनं मी गळ्यात होतेच.

तिच्या आईनं, सरोजाबाईंनी, पितळी पेल्यात काप्पी, म्हणजे इकडची कॉफी, दिली.

"त्या दिवसाचं तुज काही आठवतं?" उस्तादांनी जननीला विचारलं.

"कालवा आठवतो, मग इस्पितळाचा पंखा. मधलं काही नाही. मी काही बोललें का, उस्ताद?"

उस्ताद पेल्यातला फेस बघत राहिले. हे असंच राहिलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"जुलैत परत जाणार म्हणते," सरोजाबाई म्हणाल्या. "तुम्ही आपले माणूस तिथं आहात. म्हणून मज भीती नाही."

काप्पी तशीच ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर ते उभे राहिले तेव्हा खडू दोनदा मोडला. त्यांनी कालव्याची रेघ काढली, सातव्या किलोमीटरवर फुली मारली आणि जननीचं वाक्य आहे तसं म्हणून दाखवलं. मग त्याचा अर्थ सांगितला.

"चौकशीत हे सांगितलं होतं?" मेजरांनी विचारलं.

"नाही, मॅडम. मी खोटं बोललो."

"मला हे वर कळवावं लागेल."

"मीच लिहून आणलंय." त्यांनी खिशातून कागद काढला. तो त्यांनी मेजरांसमोर ठेवला.

संध्याकाळी ते पुन्हा त्या घरी गेले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. जननी भिंतीला टेकून ऐकत होती. सरोजाबाई म्हणाल्या, "आज मज काही सुचत नाही. तुम्ही जावा."

फेरचौकशीचा निकाल आला. बढती थांबली, मैदान सुटलं. पण तो पाठ ठेवला गेला. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक उस्तादाला तो रघोजींनीच शिकवायचा, स्वतःचं नाव घेऊन. दर वेळी ते पूर्ण सांगतात.

आता मी विनुता उस्तादांच्या गळ्यात आहे. उस्ताद होऊन तिला जेमतेम वर्ष झालंय. जुलैत जननी परत आली आणि पहिल्याच दौडीत वळणावर अडखळली. विनुतानं मला ओठांत धरलं. श्वास आला, अडला. माझा मणी तसाच पडून होता. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

मग मी वाजले.

जननीच्या बुटात खडा गेला होता, इतकंच. मागे दोन उस्ताद कुरकुरले, वेळ फुकट गेला म्हणून. मैदान सुटल्यावर बर्फाच्या टाकीवर नेमलेल्या रघोजींनी काढलेलं झाकण परत लावलं. विनुताचे कान लाल झाले होते.

तिला आणि पुढं मी ज्यांच्या ओठांत येईन त्या सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे. शंका आली की मला वाजवा. खड्यासाठी वाजले तरी मला वाईट वाटत नाही. दातांत धरून ठेवलं, तर वाटतं.