मंद म्हणून मला काढलं

मी मंद नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण सात वर्षं हाच एक शब्द माझ्या तोंडावर मारला गेला. मी लॅपटॉपमधून काढलेली जुनी हार्ड डिस्क बोलतेय, आणि आज मी गोड बोलणार नाही.

माझ्या पोटात आरशासारखी चकती आणि तिच्यावर, केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर, तरंगणारी सुई. गरगर फिरायचं आणि लक्षात ठेवायचं, एवढंच माझं काम.

माझी मालकीण दुभाषी. मूकबधिर माणसं दवाखान्यात, कचेरीत गेली की त्यांच्या हातांचं बोलणं ती समोरच्याला सांगायची. ही भाषा ती थोरल्या बहिणीकडून शिकली. ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या कितीतरी खुणा कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. म्हणून दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. ताई खूण करायची, धाकटी चित्रित करायची. अशा चौदाशे खुणा मी पोटात घेतल्या. मग ताई गेली. त्यानंतर मालकीण एकच व्हिडिओ तीन-तीनदा लावायची. मी एकदाही अडखळले नाही.

लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागायचा, कबूल. पण एकदम बारा गोष्टी उघडायच्या, दम धरायचा नाही, बटण दाबून धरून मला फिरता फिरता मारायचं, आणि वर मीच मंद! नाचता येईना, अंगण वाकडं.

एकदा ती कामासाठी परगावी गेली. तिला चकित करायचं म्हणून नवऱ्याने लॅपटॉप दुकानात आणला.

"जुनी डिस्क काढून नवी एसएसडी टाकली की वाऱ्यासारखा पळेल," दुरुस्ती करणारी बाई म्हणाली. "जुनं सगळं उतरवून देऊ?"

"कागदपत्रं तेवढी घ्या. व्हिडिओ नकोत. नुसते हात हलवलेत, उगाच जागा खातात."

नुसते हात! मला तोंड असतं तर त्याला तिथेच सुनावलं असतं.

चार स्क्रू निघाले आणि मी बाहेर आले. माझ्या जागी आलेली एसएसडी पातळ, मुकी, चपळ. तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो न विचारणाऱ्यावर. त्याने मला हत्यारांच्या डब्यात हातोडीशेजारी टाकलं, आणि तो डबा माळ्यावर चढवताना शिडीवरून पाडला.

ती परतली.

"बघ, दहा सेकंदांत सुरू!" तो म्हणाला.

तिने शोधलं. पुन्हा शोधलं. "ताई कुठाय?"

"काय?"

"ताईचे व्हिडिओ."

"ते होय! आहेत जुन्या डिस्कमध्ये, कुठे पळून जातायत? तू स्पीड बघ ना."

"स्पीडला काय चाटायचंय? मला एक फोन करावासा वाटला नाही तुला?"

"अगं, सरप्राइज होतं..."

"बारा वर्षं ताई तुझ्याशी बोलायची त्या हातांनी. तू कधी बघितलंस?"

त्याने शिडी लावली आणि माळ्यावरून डबा उतरवला.

दुकानात बाईने मला वायर जोडली. मी कटकट वाजले. "हिला मार लागलाय," ती म्हणाली. "निघेल तेवढं एका दमात काढायचं. पुन्हा फिरेल याची खात्री नाही."

मी फिरले. सुई चकतीला घासत होती, तरी फिरले. पाच तास मालकीण स्टुलावरून उठली नाही. तेराशे खुणा मी दिल्या. मग माझ्यातलं काहीतरी अडकलं, ते कायमचं.

राहिलेल्यांत एक खूण होती, ताई धाकटीला हाक मारायची ती. दोन बोटं गालाला लावून पुढे न्यायची. मालकिणीला ती येते. पण स्वतःला हाक कशी मारणार?

"आपण दुसरीकडे दाखवू," नवरा म्हणाला. "चुकलं माझं."

तिने हातांनीच काहीतरी सांगितलं.

"म्हणजे काय?"

"शीक," ती म्हणाली आणि मला रुमालात गुंडाळून निघाली.

आता मी तिच्या कपाटात आहे. तुम्ही नव्या डिस्क जरूर बसवा, वाऱ्यासारखे पळा. पण जुनीला हात लावण्याआधी, जिची आहे तिला विचारा. माझं तर झालंच. ताईची ती दोन बोटं अजून माझ्या चकतीवर आहेत, आणि मला ती कुणालाच दाखवता येत नाहीत.