दुसरी बुडी

"अजून दोन लाव," बोटीची कड धरून संघदीप म्हणाला. "बुडूनच नाई राहिलो ना मी!"

भूपेंद्रनं त्याच्या कमरेच्या पट्ट्यात शिशाचे आणखी दोन ठोकळे ओवले. "जास्ती होईल बे. जरा थांब, श्वास सोडून बुडतोस का पाह्य आधी."

"काठावर कोन उभं हाये, पायलास का? थांबू कसा?"

काठावर फुलवंता उभी होती. तिचा नवरा दुधराम आदल्या सकाळी धरणात जाळं काढायला गेला, डोंगा उलटला, आणि जानेवारीच्या त्या गार पाण्यातून तो वर आलाच नाही. डोंगा सापडला तिथंच भूपेंद्रनं बोटीचा नांगर टाकला होता.

संघदीप एरवी गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचा. होमगार्डात होता, नागपूरच्या शिबिरात सिलिंडर लावून बुडी मारायला शिकला, आणि तेव्हापासून जिल्ह्यात कुणी बुडालं की त्याला बोलावणं यायचं. यंदा थंडीसाठी जाड रबरी सूट मिळाला होता. जाड रबर माणसाला तरंगवतं, म्हणून शिसं जास्त लागतं. पण खोलात तेच रबर दाबानं चेपतं आणि शिसं अंगावर येतं. हे त्याला माहीत होतं. घाईत सुचलं नाही, एवढंच.

तो गेला तो दगडासारखा. गुडघ्यापर्यंत गाळात रुतला. सगळीकडे मातकट अंधार झाला. चाचपडताना हाताला जाळं लागलं, मग ओली बाही, मग मनगट.

वर उठण्यासाठी त्यानं जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं. बटण अडकलं होतं. पुन्हा दाबलं. अंगठा गारठून लाकूड झालेला. छाती धपापू लागली, आणि एकदम तोंडातल्या नळीतून हवा भसाभसा सुटली, थांबेचना. डोळ्यांसमोर बुडबुड्यांचा नुसता कल्लोळ. सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं तर तो झरझर उतरत होता. त्यानं मनगट जिवाच्या आकांतानं ओढलं. जाळं सोडत नव्हतं.

स्नेहल, त्याची लेक, डोळ्यांपुढं आली. त्यानं दुसऱ्या हातानं पट्ट्याची कडी उघडली.

शिसं गाळात पडलं आणि अंग वर उसळलं. बोटं क्षणभर त्या मनगटाला धरून राहिली, मग सुटली. छाती फुटू नये म्हणून तो वर येईतो श्वास सोडत राहिला.

भूपेंद्रनं त्याला काठावर आणलं तेव्हा त्याचे दात वाजत होते. फुलवंता पुढं आली.

"भाऊ, दिसले का?"

भूपेंद्र मागून मान हलवत होता, नाही म्हण म्हणून.

"हाताले लागले, बाई," संघदीप म्हणाला. "जाऱ्यात अटकले हायेत. धरलो होतो मी. सुटला हात."

ती रडली नाही. "कोन्त्या हातानं धरले होते?"

त्यानं उजवा हात पुढं केला. तिनं तो दोन्ही तळव्यांत घेतला आणि धरून ठेवला.

"लय थंडा हाये ना," ती म्हणाली. "आंग गरम होऊ द्या आधी."

शेकोटीजवळ तो बराच वेळ बसला. भूपेंद्रनं दुसरी नळी, दुसरं जॅकेट काढलं, स्वतःचा पट्टा त्याला दिला. या वेळी संघदीप पाण्यात थांबला. श्वास सोडला, पाणी डोळ्यांशी आलं, म्हणजे वजन बरोबर होतं. तरी खोलातला भार धरून त्यानं एक ठोकळा काढायला लावला. मग चाकू घेऊन, नांगराचा दोर धरून हळूहळू उतरला. जाळं कापलं, दुधरामच्या काखेखालून दोर बांधला, आणि दोन हिसके दिले.

भूपेंद्रनं दुधरामला वर ओढून काठावर आणलं, तशी माणसं चादर घेऊन धावली.

"थांबा जरासे," फुलवंता म्हणाली.

ती खाली बसली. पदरानं तिनं दुधरामच्या कानातला गाळ पुसला. शर्टाची गळ्याजवळची गुंडी उघडी होती, ती लावली. मग उठून ती आपणच बाजूला झाली.