पोपटी छत्रीच्या मागे या

अहो, इकडे, जरा वर बघा. खुंटीला लटकलेय ती मीच. मी एक छत्री बोलतेय, आणि तीसुद्धा दुबईला जाऊन आलेली! हसलात ना? सगळेच हसतात. जिथे चार थेंब पडले की लोक गाडी थांबवून फोटो काढतात, तिथे छत्रीचं काय काम? मलाही तेच वाटायचं. पण हसून झालं असेल तर ऐका. माझ्या जिवाला एक घोर लागलाय, आणि तो कुणाच्या कानावर घातल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

माझा जन्म मुंबईत, भुलेश्वरमधल्या एका माडीवरच्या कारखान्यात झाला. आठ काड्या, वाकडी मूठ, आणि रंग पोपटी. नुसता पोपटी नव्हे, कडेला पांढरी झालर! "असला भडक रंग कोण घेणार?" असं कारागीरच एकमेकांत बोलत होते. मी रडकुंडीला आले होते. मग चिपळूणच्या बाजारात दर्शना नावाच्या एका नव्या नवरीने मला उचललं. तिचा नवरा सोमनाथ दुबईला कामाला निघाला होता.

"तिकडे ऊन फार म्हणतात. डोक्यावर धरत जा," ती म्हणाली.

"अगं, बायकी दिसते ही. पोरं टिंगल करतील माझी."

"करू देत. लांबून तरी कळेल, माझा नवरा चाललाय म्हणून."

झालं. मी विमानात बसले.

पोरांनी टिंगल केलीच. अल क्वोजच्या कामगार-कॅम्पमधल्या खोलीत सोमनाथच्या पलंगाखाली मी दोन वर्षं पडून होते. "काय सोमनाथ, पाऊस कधी रे?" असं रोज कुणीतरी विचारायचं. तो एका उंच इमारतीच्या साइटवर स्टोअरमध्ये होता. पहाटे बस न्यायची, रात्री आणून टाकायची. मी आपली धूळ खात विचार करायची, असंच कुजायचं का आता?

मग ते मंदीचं वर्ष आलं. मला त्यातलं काय कळणार? मला एवढंच कळलं, की खोलीतली माणसं हळू आवाजात बोलायला लागली. पूर्वी रात्री पत्त्यांचा डाव रंगायचा, तो बंद झाला. कुणाला ऑफिसात बोलावलं की बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पलंग रिकामा. एक दिवस सोमनाथची साइटच थांबली. अर्धी उभी इमारत तशीच सोडून साहेबलोक निघून गेले. घरी दर्शनाला दिवस गेले होते. सुट्टीवर जाऊन आला होता ना! सोमनाथ फोनवर तिला म्हणायचा, "सगळं ठीक आहे गं, काळजी नको." आणि फोन ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर डोकं धरून बसायचा.

त्याला तारलं मी. खोटं नाही सांगत! हमीदभाई म्हणून एकजण पर्यटकांच्या बसचा धंदा चालवायचा. मंदीत त्याने आपले जुने गाइड काढून टाकले होते, आणि त्याला कमी पगारात मराठी-हिंदी बोलणारा माणूस हवा होता. त्याला भेटायला सोमनाथ भर उन्हात मला डोक्यावर धरून गेला. हमीदभाईने रस्त्यापलीकडूनच मला बघितलं.

"ये छतरी तेरी है? सड़क के उस पार से दिखती है। यल्ला, चल, कल से आ जा। और सुन, एक भी शिकायत आई, तो खलास। वीसा कैंसल।"

नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की विमानात बसायचं. हा तिथला सरळ हिशेब. त्या दिवसापासून सोमनाथच्या जिवाला शांतता नव्हती, आणि त्याच्या मुठीत मी असल्यामुळे मलाही नव्हती.

आमची सहल खाडीवरून सुरू व्हायची. दुबई म्हणजे काचेचे उंच मनोरे असं तुम्हाला वाटतं, पण जुनी दुबई म्हणजे ही खाडी. लाकडी गलबतं, मसाल्यांच्या गोण्या, पलीकडे नेणाऱ्या छोट्या होड्या, त्यांना तिथे अब्रा म्हणतात, आणि शेवटी सोन्याचा बाजार. बसमधून उतरल्यावर सोमनाथ मला उंच धरायचा आणि सगळ्यांना दमच भरायचा.

"हे बघा मंडळी! कायम पोपटी छत्रीच्या मागे यायचं. हरवलात तर घाबरायचं नाही, धावायचं नाही. जिथे आहात तिथेच थांबायचं आणि छत्री कुठे दिसते ते बघायचं. मी येतो."

मग दर वळणावर मुंड्या मोजायच्या. आपली माणसं तर विचारूच नका! दिसेल त्या वस्तूची किंमत दिरहममध्ये विचारणार, रुपये काढायला मोठ्याने तेराने गुणणार, आणि "बाई गं!" म्हणून पुढे चालायला लागणार. एसी दुकान दिसलं की आत शिरायचं, घ्यायचं काहीच नाही. मला मजा वाटायची. पण मुंड्या मोजताना सोमनाथच्या हाताला घाम फुटायचा, तो माझ्या मुठीला कळायचा.

आता त्या दिवसाचं सांगते. ऑगस्ट महिना होता. ऊन असं, की माझं कापड करपतंय की काय असं वाटावं. त्या दिवशी गटात शारजाहून आलेल्या सासू-सुना होत्या. सून विभावरी, आणि सासू ठकुबाई. नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. त्या हर्णैहून मुलाकडे आलेल्या, थेट कोळीवाड्यातल्या. मुलगा गुणवंत ऑफिसात अडकलेला, म्हणून त्याने आईला सुनेबरोबर फिरायला पाठवलेलं.

खाडीच्या काठावर सोमनाथने त्याचं नेहमीचं भाषण सुरू केलं. "ह्याच खाडीतून एके काळी सोन्याने भरलेल्या लाँचा आपल्या कोकणच्या किनाऱ्याला जायच्या बरं का! चोरटं सोनं. आणि कस्टमवाला दिसला की सोनं गोणीसकट धप्पकन पाण्यात!"

सगळे हसले. ह्या जागी नेहमी हसतातच. ठकुबाई हसल्या नाहीत.

"आणि खलाशी?" त्यांनी विचारलं.

"काय मावशी?"

"सोनं पाण्यात टाकत. आणि खलाशी? त्यांचं काय होई?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. सोमनाथ गुळमुळीत काहीतरी बोलला. मग त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज नारळी पुनव आहे रे बाबा. इथे नारळ मिळेल का? ह्या पाण्याला द्यायचाय."

सोमनाथ हसला. तो हसला, हे मला अजून सलतं. "मावशी, इथे पाण्यात कागद टाकला तरी दंड होतो. घरी जाऊन शांतपणे पूजा करा, काय?"

"आई, प्लीज. लोक बघतायत," विभावरी म्हणाली. ठकुबाई चालायला लागल्या. पण त्यांनी मागे वळून पाण्याकडे जे बघितलं, ते मी वरून पाहिलं होतं. तेव्हाच मला सांगायचं होतं, सोमनाथ, ह्यांच्यावर नजर ठेव. पण छत्रीचं कोण ऐकतं?

सोन्याच्या बाजारात गट एका दुकानात शिरला. विभावरीने एक बांगडी हातात घालून बघितली. तेवढ्यात दारातूनच सोमनाथने मुंड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक कमी.

"ताई, मावशी कुठे?"

विभावरीच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्ता तर इथे होत्या! अहो, त्यांच्याकडे मोबाइल नाही. हिंदी धड येत नाही. बीपीची गोळीसुद्धा माझ्याच पर्समध्ये आहे!" तिने नवऱ्याला फोन लावला. तिकडून गुणवंत जवळजवळ रडतच बोलत होता. "विभा, मला निघता येत नाही गं. एचआर एकेकाला आत बोलावतंय. आज मी जागेवर नसलो तर संपलंच. तू बघ ना, प्लीज!"

सोमनाथच्या खिशातला फोनही वाजत होता. हमीदभाई! बस परत यायला उशीर का, हेच विचारायला. त्याने तो उचलला नाही. त्याने मला उंच धरलं आणि धावत सुटला. तर काय सांगू! सगळा गटच आमच्या मागे धावायला लागला. त्यानेच शिकवलं होतं ना, छत्रीच्या मागे यायचं म्हणून! पिशव्या, कॅमेरे, धापा टाकणारे काका, सगळी वरात गल्लीबोळांतून. "तुम्ही थांबा हो!" सोमनाथ ओरडतोय, आणि ते आणखी जोरात धावतायत. एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या उन्हात एखादं म्हातारं माणूस किती वेळ टिकतं? माझी तर पाचावर धारण बसली होती.

आणि मधेच सोमनाथ थबकला. "नारळ!" तो म्हणाला. शेवटी कोकणातलाच ना तो! कोपऱ्यावर केरळी माणसाचं किराणा दुकान होतं. सोमनाथने हातानेच नारळाचा आकार आणि कपाळावरचं मोठं कुंकू दाखवलं. दुकानदाराने मान डोलावली आणि खाडीकडे बोट केलं.

ठकुबाई अब्राच्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. डोक्यावर सावली नाही, ओठ सुकलेले, आणि मांडीवर शेंडीचा नारळ.

"मावशी! अहो, जीव घेतलात की!"

"तू म्हणालास ना, हरवलं तर आहे तिथेच थांबायचं," त्या म्हणाल्या. "थांबले. मला सवय आहे थांबायची."

सोमनाथने मला उघडून त्यांच्या डोक्यावर धरलं. खरं सांगू? इतक्या दिवसांत सोमनाथशिवाय दुसऱ्या कुणावर सावली धरायचं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"ह्यांची लाँच इथूनच सुटली होती," ठकुबाई म्हणाल्या. "गुणवंत तेव्हा माझ्या पोटात होता. दुबई सोडली, एवढाच निरोप आला. मग लाँच नाही, माणूस नाही, काहीच नाही. गावातल्या बाया म्हणाल्या, कुंकू पूस. मी कशाला पुसू? कुणी बघितलं का त्यांना बुडताना? दर नारळी पुनवेला गावाकडून नारळ देते. ह्या वर्षी म्हटलं, जिथून निघाले तिथल्या पाण्याला एकदा सांगावं."

विभावरी खाली बसली. तिला हे काहीच ठाऊक नव्हतं. सासरे मासेमारीला गेले आणि वादळात सापडले, असंच गुणवंतने तिला सांगितलं होतं. चोरट्या सोन्याची त्याला लाज वाटायची.

धक्क्यावरचा रखवालदार आमच्याकडे यायला निघाला होता. सोमनाथचा फोन पुन्हा वाजला. मी मनात ओरडत होते, नको रे, नको! तुझी दर्शना आहे, पोटात बाळ आहे! आणि त्याच वेळी मला वाटत होतं, दे रे बाबा, देऊ दे मावशींना.

"द्या मावशी," तो म्हणाला आणि एका हाताने त्यांचा दंड धरला. ठकुबाई वाकल्या. टाकला नाही त्यांनी, पाण्यावर ठेवला. "परत दे, नाहीतर नीट सांभाळ," एवढंच पुटपुटल्या.

नारळ काही जाईना! लाट आली की पायरीला येऊन टेकायचा. पुन्हा पुन्हा. शेवटी विभावरीने पाण्यात हात घातला आणि त्याला लांब ढकललं. कोपरापर्यंत भिजली ती.

"किसने डाला?" रखवालदार ओरडला.

"मैंने," सोमनाथ म्हणाला.

त्याच क्षणी ठकुबाईंचा तोल गेला. आरडाओरडा, टॅक्सी, हॉस्पिटल! त्यांनी माझी मूठ इतकी घट्ट धरली होती, की मीही टॅक्सीत गेले. काचेवर टकटक करून सोमनाथ म्हणाला, "असू दे, असू दे! छत्री मी नंतर नेतो." टॅक्सी सुटली. मी वळून बघितलं. तो गटापुढे उभा होता. वर धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने नुसता हातच वर केला होता.

ठकुबाई वाचल्या. संध्याकाळी गुणवंत आला. त्या दिवसापुरती त्याची नोकरी वाचली होती. बायकोने सगळं सांगितल्यावर आईच्या पायाशी बसून तो लहान मुलासारखा रडला. पुढच्या आठवड्यात मला परत द्यायला तो अल क्वोजच्या कॅम्पवर गेला. पलंग रिकामा. खोलीतली पोरं म्हणाली, रखवालदाराची तक्रार हमीदभाईकडे गेली, सोमनाथचा व्हिसा रद्द झाला, परवाच्या विमानाने गेला. गाव कुठलं? चिपळूणकडचं, एवढंच. फोन बंद.

मी ठकुबाईंबरोबर हर्णैला आले. दर नारळी पुनवेला सगळं गाव किनाऱ्यावर जमतं, नारळ देतं आणि घरी जातं. मग त्या मला घेऊन एकट्याच उभ्या राहतात, मला उघडून हात पुरेल तितकं उंच धरून. शेजारणीने एकदा विचारलं, "ऊन नाही, पाऊस नाही, कशाला गं?"

"हरवलेल्या माणसाला लांबून काहीतरी दिसायला नको?" त्या म्हणाल्या.

आता माझा रंग पार उडालाय. दोन काड्या मोडल्यात. लांबून मी कितपत दिसते, ह्याची मला धास्ती वाटते. ठकुबाईंचा हातही हल्ली लवकर खाली येतो. सोमनाथला मुलगा झाला की मुलगी, हेसुद्धा मला कळलं नाही. ते मूल आता शाळेत जात असेल. दर्शनाने विचारलं असेल, "छत्री कुठे?" काय सांगितलं असेल त्याने?

तुम्ही चिपळूणकडे जाणार असाल, तर एवढं करा. सोमनाथ नावाचा दुबईहून आलेला कुणी भेटला, तर त्याला सांगा, मावशी बऱ्या आहेत. आणि पोपटी छत्री घाबरलेली नाही, धावलेली नाही. जिथे आहे तिथेच थांबली आहे. तो "मी येतो" म्हणाला होता.