हळदीची पट्टी

माही सून पद्मजा कन्याशाळेत शास्त्र शिकवते, हे खामगावात मी कोनी न विचारताच सांगते. शेजारच्या बाया म्हनतात, "जनकाबाई, सुनेचं इतकं कौतुक बरं नाई." काऊन बरं नाई? चांगली सून भेटाले नशीब लागते अन् कौतुक कराले तोंड. माह्याजवळ दोन्ही आहे.

दुष्काळ सरून दोन वर्सं झालती. शाळेच्या भिंतीले लागून भगवानरावांचा बर्फाचा कारखाना. बर्फ जमवाले नळ्यांतून अमोनिया वायू फिरवतात. नळीत आहे तोवर ठीक; बाहेर आला तं डोळे जाळते, अन् जास्त छातीत गेला तं मानूस मरते. कधीमधी त्याचा भपका वर्गात यायचा. पोरी खोकून खोकून बेजार. पन भगवानराव शाळेच्या कमेटीचे अध्यक्ष. ते म्हनत, "बर्फाच्या कारखान्यात वास येनारच. नागपूरचा कागद पाहा, हवा बरी आहे!"

त्या कागदाचं ऐका. शहराची हवा मोजाले नागपूरहून एक लाकडी पेटी शाळेत आलती. आत मोटर. ती हवा ओढून बाटलीतल्या पान्यातून सोडायची, कापसाच्या जिनिंगचा अन् तेलगिरन्यांचा धूर किती ते कळाले. बाटली नागपूरले जायची अन् महिन्यानं कागद यायचा. पेटीची सारी देखभाल पद्मजाकडं.

ती म्हने, "आत्याबाई, दिवसभराची हवा एकत्र मोजली की पाच मिनिटांचा भपका त्यात दिसतच नाही. आणि दिसला तरी महिन्याने."

"म्हंजे वरातीमागून घोडं!" मी म्हटलं.

बाटली महिन्यातून थोडेच दिवस लागायची, बाकी दिवस पेटी रिकामीच. एका सकाळी पद्मजा माह्या चुलीपाशी आली अन् हळदीचा डबाच उचलून नेला. हळदीले चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करनाऱ्या कोन्या बाईले माहीत नाई? अमोनियानंबी तसंच होते म्हने. तिनं जुन्या धोतराच्या पट्ट्या हळदीत रंगवल्या, बाटलीच्या जागी काचेची नळी बसवली अन् नळीत वली पट्टी घातली. हवा ओढाचं तोंड लांब रबरी नळी जोडून नेलं थेट कारखान्याच्या भिंतीवर. मोटर तिथली हवा ओढून पट्टीवर सोडत राहायची, म्हनून पोरींच्या नाकाआधी पट्टीले कळायचं. पट्टी लाल झाली की पोरी मैदानात, वारा येते त्या बाजूले.

पन एक खोट होती. चांगली हवा लागली की लाल उडून जाये. दोनदा पद्मजानं पोरी बाहेर काढल्या अन् दोन्ही खेपेले भगवानराव येईपर्यंत पट्टी पिवळीधम्मक. पहिल्यांदा ते हासले. दुसऱ्यांदा भडकले. "सरकारी पेटी बिघडवता अन् वर शाळा बुडवता? अजून एकदा असं झालं तं नोकरी गेली समजा!"

घरी मी विचारलं, "घाबरली काय वं?"

"घाबरले ना," ती म्हने. "पण पट्टी लाल झाल्यावर काय करू? नोकरीसाठी वाट पाहू?"



तिसऱ्या खेपेले मी तिथंच होती, तिचा जेवनाचा डबा घेऊन गेलती. फळ्यावर लिहिता लिहिता पद्मजाचा खडू थांबला. बाजूच्या पेटीतली पट्टी काठाकडून लाल होऊन राह्यलती. मले कशाचाच वास येत नव्हता. तिनं पट्टीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"मुलींनो, उठा. दप्तरं राहू द्या."

आवाज जरासाबी हालला नाई. सारे वर्ग तिनं मैदानात आनले.

भगवानराव पाय आपटत आले. मैदानात मस्त वारा. पद्मजाच्या हातातली पट्टी तोवर पुन्हा पिवळी.

"कुठं आहे वास? कुठं आहे लाल?"

"ही पट्टी उद्या पुरावा दाखवायला नाही," पद्मजा म्हने. "आत्ता बाहेर पडायला आहे."

"मंग तुम्हीबी पडा बाहेर. उद्यापासून येऊ नका."

माहं डोस्कंच फिरलं. "भगवानराव, हवा बरी आहे ना? तं चला वर्गात. पोरी बसतात त्या बाकावर बसून दाखवा. मीबी बसते बाजूले!"

साऱ्या शाळेदेखत नाई कसं म्हनतील? तरातरा गेले अन् त्या लहानशा बाकात कसेबसे बसले. मिशीवर हात ठेवला, अन् तो हात तसाच तोंडावर गेला. डोळ्यांतून घळाघळा पानी. मलेबी श्वास पुरेना. आमी दोघंबी पडत-धडपडत बाहेर आलो. पद्मजानं आमाले ओढत हापशावर नेलं अन् डोळ्यांवर पानी मारत राह्यली.

आवाज फुटला तसे भगवानराव वरडले, "अरे, मशीन बंद करा!" भिंतीमागं नळीचा जोड तडकला होता. मिस्त्रीनं तोंडाले फडकं बांधून कॉक बंद केला.

आता मी बोलनार होती. चांगले निवडून ठेवलते शब्द. पन भगवानराव वल्या तोंडानं पद्मजापुढं हात जोडून उभे राह्यले. "बाई, मी चुकलो. अशी एक पेटी माह्याबी कारखान्यात लावून द्या. माह्या मानसाईले वासाची इतकी सवय झाली, त्याईले काई कळनारच नाई."

"ते नंतर," पद्मजा म्हने. "आधी सांगा, तुमची माणसं सगळी बाहेर आली का?"

 भगवानराव कारखान्याच्या फाटकाकडं पळत सुटले, अन् त्याईच्या मागं माही सून. माहा अभिमान तं छातीत मावत नव्हता.

सगळे बाहेर होते. ते डोळ्यानं पाह्यल्यावर तवा कुठं पद्मजा रस्त्याच्या कडेले खाली बसली. मी तिचे हात धरून तिच्याजवळ बसली, साऱ्या गावादेखत.