उभी बाज

मी बाज. बाभळीचे चार पाय, सुतळीची वीण आणि माणसांविषयी अतिशय वाईट मत, एवढीच माझी मिळकत. ऐकणार असाल तर बोलते. मधेच उठून गेलात तरी मला नवल वाटणार नाही, माणसांची ती सवयच आहे.

माझे पाय येडशीच्या रानातले. तिथल्याच एका सुतारानं ते तासले आणि उस्मानाबादेतल्या एका वकिलाला मला विकलं. त्या घरात माझ्यावर बाळंतिणी झोपायच्या. मुलगा झाला की माझ्यावर गादी यायची, मुलगी झाली की पोतं. बाळंतपण सरलं की मी विटाळाची, मग गोठ्यात पडून राहायचं. वकीलसाहेब कोर्टात अस्खलित उर्दू बोलायचे आणि गोठ्यात माझ्याजवळून जाताना धोतराचा सोगा वर उचलायचे. पुढं घरात लोखंडी पलंग आला, तेव्हा त्यांनी मला जनाना दवाखान्याला दान केलं. घरात नकोशी झालेली वस्तू बाहेर टाकायची आणि त्याला दान म्हणायचं, हे माणसांनाच सुचतं.

दवाखान्यामागं नर्सिंग शिकणाऱ्या पोरींची खोली होती. तिचं दार वाळवीनं खाल्लं होतं, नुसती चौकट उरली होती. दारासाठी वर दरखास्त गेली होती. निजामाच्या अमलात दरखास्त गेली म्हणजे विषय संपला. सूर्य उगवला की ऊन थेट आत यायचं.

त्या खोलीत मी मथुरेच्या वाट्याला आले. मथुरा परांड्याकडच्या सोनारीची सून. मूल होईना म्हणून तिच्या नवऱ्यानं, बलभीमानं, दुसरी बायको आणली होती आणि हिला म्हशींमागं लावलं होतं. मानेवर गळू झालं म्हणून ती दवाखान्यात आली. गळू बरं झालं तरी गेली नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं हवं-नको बघत बसली. वॉर्डाच्या मोठ्या नर्स बानूबाई यांनी ते पाहिलं आणि तिला शिकायला ठेवून घेतलं.

शिकायला आली खरी, पण रात्रपाळी लागली आणि पोरीचे हाल सुरू झाले. घुबडाला रात्रभर जागता येतं, मांजराला येतं, गल्लीतल्या खरजुल्या कुत्र्यालाही येतं. माणसाला तेवढंही येत नाही, आणि म्हणे सगळ्या प्राण्यांत शहाणा.

त्यात सल्ले देणारे तर पैशाला पासरी. खोलीतली दुसरी पोरगी शरणम्मा म्हणाली, दाढेखाली लवंग धर. धोबीण म्हणाली, डोळ्याला कांदा लाव. स्वयंपाकीण म्हणाली, जेवूच नकोस म्हणजे झोप येणार नाही. मथुरेनं सगळं केलं. तोंड पोळलं, डोळे सुजले, पोटात कावळे ओरडले आणि झोप यायची ती आलीच. जागं कसं राहायचं हे प्रत्येकानं शिकवलं. पोरी, तू झोपतेस कधी, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

ती झोपणार कधी? सकाळी येऊन माझ्यावर पडली की तोंडावर ऊन. त्यातून डोळा लागला की दारात कुणीतरी उभं. "अगं बया, दिवसाढवळ्या झोपली? बरं न्हाय का?" तेवढं विचारून ती बाई निघून जायची, की दुसरी यायची. बाई दिवसा आडवी झाली म्हणजे ती एकतर दुखणाईत किंवा आळशी. याच्यापलीकडं त्यांची अक्कल जात नव्हती.

एकदा तर मथुरा पेशंटची नाडी बघता बघताच झोपली. दुसऱ्या सकाळी बानूबाई स्वतः खोलीवर आल्या. त्याच सुमारास सोनारीहून सासऱ्याचा, लिंबाजीचा, निरोप आला होता. धाकटी सून पोटुशी आहे, म्हशींचं बघायला कुणी नाही, बाजार झाला की न्यायला येतो, दवाखान्याचं खूळ आता पुरे.

मथुरेनं बानूबाईंचे पाय धरले. "बाई, मला धाडू नका. तिथं मी माणसात नसते."

"तू काम नीट केलंस तर मी त्याच्याशी भांडेन," बानूबाई म्हणाल्या. "पण अशी डुलक्या घेत राहिलीस, तर मी कशाच्या जोरावर भांडू? तूच सांग."

बानूबाई गेल्यावर मथुरेनं मला उचललं आणि दारात उभं केलं. विणीतून ऊन गळायला लागलं, म्हणून ट्रंकेतलं सोनारीहून आणलेलं हिरवं लुगडं माझ्यावर पसरलं.

शरणम्मा दचकली. "अय्यो, बाज उभी करतीस? मयत झालेल्या घरी करतात ते."

"मेल्याबिगर इथं कुणी झोपू देत न्हाय," मथुरा म्हणाली आणि आत जमिनीवर घोंगडी टाकून आडवी झाली.

माझा अपमान झाला, पण ते राहू दे. गंमत पुढं झाली. धोबीण लांबूनच उभी बाज बघून थबकली आणि आल्या पावली परत फिरली. स्वयंपाकीण आली, तिनंही पदर तोंडाला लावला आणि पळाली. त्या दिवसांत गावात पटकीची साथ होती. कोण गेलं, कसं गेलं, आत काही लागतंय का, कुणी विचारलं नाही. मथुरा कितीतरी दिवसांनी सलग झोपली. मग ती रोजच मला उभं करायला लागली; आत कुणी मेलं नाही हे पुढं कळलं, तरी अपशकुनाच्या भीतीनं बायका तिकडं फिरकल्या नाहीत.

बाजार झाल्यावर लिंबाजी आला. भर दुपार होती, आवारात चिटपाखरू नव्हतं. खांद्यावर घोंगडी टाकून तो ऐटीत खोलीकडं निघाला आणि मला बघून जागीच थांबला. मग त्यानं माझ्यावरचं लुगडं बघितलं. ते त्यानं ओळखलं, मला त्याच्या तोंडावरूनच कळलं.

त्यानं नुसती एक हाक मारायची होती. पोरगी चार हातांवर होती, झोप कितीही गाढ असली तरी त्या आवाजाला ती दचकून उठली असती. वॉर्डात जाऊन विचारलं असतं तरी खरं कळलं असतं. पण हा गडी इकडंतिकडं बघत स्वतःशीच पुटपुटला, "आता मढं गळ्यात पडायचं." मग त्याची नजर पायरीवर गेली. तिथं मथुरेचा पितळेचा तांब्या होता. मेलेल्या सुनेजवळ जायला हा भ्याला, पण तिचा तांब्या त्यानं धोतराच्या टोकानं उचलला. आडावर नेऊन राखेनं घासला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि चालता झाला. माणसं मी आजवर पुष्कळ बघितली, इतकं हलकं माणूस बघितलं नव्हतं.

मथुरेला वाटलं, तांब्या चोरीला गेला. ती सासऱ्याची वाट बघत रोज धास्तावत होती आणि रोज माझ्या आडोशाला झोपत होती. डुलक्या थांबल्या. बानूबाईंनी तिला अवघडलेल्या बाळंतिणींजवळ एकटीला बसवायला सुरुवात केली.

थंडीत सोनारीहून तिची शेजारीण दगडाबाई लेकीला बाळंतपणासाठी घेऊन आली. मथुरा सकाळी पायरीवर तोंड धूत होती. दगडाबाईनं तिला बघितलं आणि ती चार पावलं मागं सरली.

"तू तर मेलीस की गं."

"कोण म्हणलं?"

"तुझा सासरा. तांब्या दावला त्यानं समद्यांना. पटकीनं गेली, म्या डोळ्यानं बघितलं म्हणला. दहावं झालं, तेरावं झालं, जेवणं उठली."

मथुरा उंबऱ्यावर टेकली. मग तिनं विचारलं, "मावशी, रडलं कोण?"

दगडाबाई पदराशी चाळा करत राहिली. "म्हशी लई दिवस पान्हवल्या न्हायत बघ. धाकटीच्या हाताला दूधच देईनात."

"माणसात कोण?"

दगडाबाई खाली बघत होती. मग म्हणाली, "म्या जाऊन सांगते समद्यांना, पोरगी जित्ती हाय म्हून."

"नगा सांगू मावशी. तुमच्या लेकीचं समदं मी बघते, पण एवढं ऐका. जित्ती हाय कळलं की ते न्यायला येतील."

दगडाबाईनं तिच्या गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि ती पाळली. मी माणसांविषयी बरं बोलते अशी ही एकच जागा. ती गेल्यावर मथुरा घोंगडीत तोंड खुपसून रडली. शरणम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढं निजामाचं राज्य गेलं आणि खोलीला दार आलं. मथुरा पास होऊन दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेली. आता मी मागच्या पडवीत पडून आहे. वीण तुटली आहे, कोंबड्या माझ्यावर बसतात. येणारा-जाणारा कुणी मला उभं करत नाही, अशुभ म्हणे.

तुम्हाला कुठं उभी बाज दिसली, तर आत डोकावून बघा, असं सांगणार होते. पण नकोच. तुम्ही बघत नाही, तेच बरं आहे. आत कुणीतरी कधी नव्हे ती झोपली असेल.