सोललेलं बियाणं

भागूबाईच्या परसात दोन वाफे तयार होते. एकात बारका कांदा लावून झाला होता, एका गड्ड्याचे पाच-सहा होणारा. दुसरा वाफा लसणासाठी. लसूण तिच्या माहेरचा, औंढ्याकडचा, लालसर, तिखट. माहेरी आता तो कुणी लावत नाही. पावसाळ्यात छपरातून पाणी झिरपलं, टांगलेली जुडी सडली आणि तिच्यापाशी चारच गड्डे उरले.

मी शेजारचा, मदतीला येऊन काठीनं वाफ्यात रेघा ओढत होतो, तेवढ्यात तिची नऊ वर्षांची नात दीक्षा वाटी घेऊन आली.

"सोनाजीआबा, घ्या. समदं तयार हाय!"

वाटीत चारही गड्ड्यांच्या पाकळ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, सोललेल्या. ठेच्यासाठी रोज तीच सोलून देते. लावायलाही तसंच लागत असेल, असं तिला वाटलं.

"काहून सोललं गं?" भागूबाई ओरडली. "एवढंच होतं माझ्यापाशी!"

दीक्षानं वाटी पाठीमागं लपवली. डोळे भरले.

"आपण लेकराला सोलायचंच शिकवलं," मी म्हणालो. "लावायचं कुठं शिकवलं?"

"सकाळी सकाळी मास्तरकी नका करू तुमी."

मी दीक्षाला जवळ बसवलं. साल नसली की पाकळी मातीत लवकर कुजते, पण बुड शाबूत असेल तर मूळ फुटू शकतं. नख लागलेल्या पाकळ्या तिनं बाजूला काढल्या. एकोणीस उरल्या. त्या राखेत घोळवून, बुड खाली, टोक वर, अशा लावल्या.

"पाणी घालू?"

"थोडं शिंपड. माती नुसती दमट पाहिजे."

सहाव्या दिवशी ती बोटानं उकरायला लागली. मी हात धरला. "मूळ तुटंल, बाळा."

कांद्याची पात वीतभर झाली, तरी लसणाचा वाफा उघडाच.  पण भागूबाईनं तो मोडून त्यात मेथी टाकली नाही.

मग एका सकाळी कोंब दिसले. एकोणीसपैकी सात.

पात पिवळी पडल्यावर आम्ही ते सात गड्डे उपटले. शेजारची सत्यशीला कुंपणापाशी आली.

"एक दे की भागूबाई, फोडणीला."

"मला नको मागू. बियाणं दीक्षाचं हाय, तिला इचार."

दीक्षानं आजीकडं पाहिलं. आजी खाली मान घालून गड्ड्यांची माती झाडत होती.

"यंदा एकबी खायचा न्हाई, मावशी," दीक्षा म्हणाली. "पुढल्या साली या."

"आजीपरीस कडक हाय गं ही!" सत्यशीला हसत निघून गेली.