अठ्ठावीस वर्षं मागे

"दोनशे बारा पिशव्या, आणि सगळ्या फेकून द्या म्हणतंय," लॉर्नाने छापील कागद व्हर्ननपुढे टाकला. "जानेवारीपर्यंत चालणारं रक्त आहे हे."

चाचणीसाठी तिने रक्तपेढीच्या संगणकाला वीस डिसेंबर १९९९ ही पुढची तारीख दिली होती. मुदतीचं साल ‘००’ दिसताच त्याने ते १९०० धरलं आणि रक्त शंभर वर्षं शिळं ठरवलं. खरोखरीचं रक्त नोव्हेंबरपासून असंच बाद होणार होतं. यंत्राच्या चिठ्ठीशिवाय एकही पिशवी बाहेर जात नसे, नेब्रास्कातली चार इस्पितळं या पेढीवर अवलंबून होती आणि नवं यंत्र यायचं होतं पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये.

"चूक माझीच," चौऱ्याहत्तर वर्षांचा व्हर्नन हुश्का म्हणाला. हा प्रोग्रॅम त्यानेच एकोणसत्तर साली लिहिला होता. "तेव्हा भोकं पाडायची कार्डं असत, एका कार्डावर ऐंशीच रकाने. रक्तगट बसेना, म्हणून सालातले एकोणीस उडवले. म्हटलं, तीस वर्षं कोण वापरतंय हे!"

मूळ लिखाण कधीच हरवलं होतं. उरले होते यंत्राच्या पोटातल्या आकड्यांचे त्रेसष्ट कागद. नऊ दिवस व्हर्ननने ते पेन्सिल घेऊन वाचले, आपण वर्तमानपत्र वाचतो तसे. लॉर्ना सेहेचाळीस वर्षांची, पेढीची प्रमुख, सहसा कुणाला दबणारी नव्हे. पण त्या पेन्सिलीपुढे ती आवाज खाली आणून बोलायला लागली.

"आत काही बदलायचं नाही," तो म्हणाला. "दारातच प्रत्येक तारीख अठ्ठावीस वर्षं मागे ढकलायची, छापताना पुन्हा पुढे आणायची. यंत्राला वाटू दे बहात्तर साल आलंय."

"अठ्ठावीसच का हो?"

"वार जुळतात. लीप वर्षही. घरून पुरावा आणलाय, ताडून बघ."

चाचणी पुन्हा झाली. दोनशे बारा पिशव्या, सगळ्या चांगल्या. लॉर्नाने छापील कागद दोनदा वाचला. एका म्हाताऱ्याने यंत्राला अख्खा काळ मागे नेऊन बसवलं होतं, आणि वर तो कोलाचे नावाचा गोड पाव खात होता.

पुरावा म्हणजे १९७२ची स्वयंपाकघरातली दिनदर्शिका. तिने दोन हजार सालाची शेजारी ठेवली आणि एकेक पान ताडलं. तीन जानेवारी, सोमवार. एकोणतीस फेब्रुवारी, मंगळवार. जुन्या पानांवर जागोजागी निळ्या शाईत एकच प्रश्न होता: ‘व्हर्न जेवायला?’

"माझ्या बायकोचं अक्षर, आर्डिथचं," तो म्हणाला. "मी इथंच असायचो तेव्हा. या खोलीत."

लॉर्ना पानं उलटत राहिली.

"डिसेंबरही जुळला," ती शेवटी म्हणाली. "पण त्यावर काहीच लिहिलेलं नाही."

"हो," व्हर्नन म्हणाला. "तोवर तिने विचारायचं सोडलं होतं."